मतदारयादीतील नाव आणि गाव

परक्या गावी गेलेल्या माणसास आपल्याकडे प्रथम दोन प्रश्न विचारले जातात : नाव काय, आणि गाव कोणते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की ओसरीवर घोंगडी पडते आणि पाण्याचा तांब्या पुढे येतो. लोकशाहीच्या दारातही नागरिकास हेच दोन प्रश्न विचारले जातात. राज्यघटनेने मताधिकार सर्वांना दिला हे खरे. परंतु मतदानकेंद्रावरील अधिकारी घटना उघडून पाहत नाही, तो मतदारयादी उघडून पाहतो. त्या यादीत आपले नाव आपल्या गावी सापडले तर आपण मतदार. न सापडले तर घटनेने दिलेला हक्क त्या दिवसापुरता तरी कागदावरच राहतो.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, आपल्या समाजात माणसाचे गाव चाकरीमुळे बदलते आणि स्त्रीचे गाव व नाव ही दोन्ही विवाहामुळे बदलतात. म्हणजे यादी ज्या दोन खुणांनी माणूस ओळखते, त्याच खुणा आपल्या घरोघरी बदलत असतात. हा प्रश्न आजचा नाही. आपल्या देशात मतदारयादी जन्मास आली तेव्हाच तो उभा राहिला होता. त्याचा थोडा पूर्वेतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजी अमदानीत मत हे माणसाचे नसून मिळकतीचे होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १९१९ च्या सुधारणा-कायद्यान्वये जो मताधिकार मिळाला, तो खेड्यात मुख्यतः जमिनीच्या साऱ्यावर आणि शहरात घरभाडे, प्राप्तिकर अशा गोष्टींवर अवलंबून होता. ज्याने वडिलार्जित जमीन भावाच्या हवाली करून मुंबईच्या गिरणीची वाट धरली, त्याला ना गावात मत, ना चाळीतील खोलीत मत, अशी स्थिती सहज येई. स्त्रियांवरील बंदी मुंबई इलाख्यात १९२१ साली उठली. पण स्वतःच्या नावावर मिळकत असलेल्या स्त्रिया त्या काळी कितीशा असणार? पुढे १९३५ च्या कायद्याने पात्र पुरुषांच्या पत्नींना व विधवांना काही अटींवर मत दिले. मतदार स्त्रियांची संख्या त्यामुळे वाढली, परंतु ती स्त्री मतदार ठरली ती कोणाची तरी पत्नी म्हणून. हक्क तिच्याकडे आला खरा, पण पतीच्या उंबरठ्यावरून आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मताधिकार असावा अशी मागणी केली. त्या मागणीचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानी येते.

ही अडचण आपल्याच देशात होती असे मात्र नव्हे. लोकशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या इंग्लंडात १९१८ पूर्वी मतदार होण्यास एके ठिकाणी बारा महिने वास्तव्य लागे. त्यात यादी तयार होऊन अमलात येईपर्यंतचे महिने मिळविले म्हणजे कामधंद्यासाठी बिऱ्हाड बदलणाऱ्या मजुराचे मत बहुधा बुडालेच. १९१८ च्या कायद्याने ती मुदत सहा महिन्यांवर आणली. अमेरिकेतील एक उदाहरण तर फारच बोलके आहे. लूसी स्टोन या विदुषीने १८५५ साली हेन्री ब्लॅकवेल यांच्याशी विवाह केला, परंतु आपले माहेरचे नाव सोडले नाही. १८७९ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्त्रियांना शाळा-समितीच्या निवडणुकीपुरते मत मिळाले. ज्या हक्कासाठी बाईंनी आयुष्य वेचले, त्याचा हा पहिला अंश होता. परंतु पतीचे आडनाव लावल्याखेरीज नोंद होणार नाही, असे अधिकाऱ्यांनी बजावले. बाईंनी नाव बदलण्यास नकार दिला आणि त्या मताला मुकल्या.

आता आपल्या देशाकडे वळू. १९४७ साली स्वातंत्र्य आले आणि घटना पूर्ण होण्यापूर्वीच, १९४८ पासून, घटनापरिषदेच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकाराच्या याद्या तयार करण्याचे काम प्रांतांकडे सोपविले. बहुसंख्य प्रजा निरक्षर, घरांना क्रमांक नाहीत, आणि फाळणीमुळे लाखो माणसे वाटेवर, अशा काळात हे काम हाती घेतले गेले. ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात निदान १८० दिवस त्या ठिकाणी वास्तव्य असावे, असा नियम प्रथम ठरला होता. परंतु सिंध, पंजाब व पूर्व बंगालमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या माणसाने १८० दिवस कोठून दाखवावेत? त्याचे जुने गाव परदेशात गेलेले, नवे गाव अद्याप ठरलेले नाही. या प्रश्नाची दाद लागली. आपण येथेच कायम राहणार आहोत, असे निवेदन निर्वासिताने करावे आणि तेवढ्यावर त्याचे नाव यादीत घ्यावे, असा निर्णय १९४८ मध्येच झाला. आपल्या कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांची मोठी वस्ती झाली होती. तिलाच १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांचे गावच नाहीसे झाले होते, त्यांना नव्या राज्याने शब्दावर विश्वास ठेवून मतदार केले. आपल्या लोकशाहीच्या इतिहासातील हे पान सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे आहे.

गावाचा प्रश्न असा सुटला. नावाचा प्रश्न अधिक बिकट निघाला. मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन हे देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. याद्या तपासताना असे दिसून आले की, लक्षावधी स्त्रियांची नावेच यादीत नव्हती. त्या जागी ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची कन्या’ एवढेच लिहिलेले होते. परपुरुषास आपले नाव सांगणे त्या स्त्रियांना रूढीने निषिद्ध होते. बिहार, उत्तर प्रदेश, मध्यभारत, राजस्थान व विंध्यप्रदेश या भागांत हा प्रकार विशेष होता. नाव हे मतदाराच्या ओळखीचे आवश्यक अंग आहे, आणि स्वतःच्या नावावाचून कोणाचीही नोंद राहू शकत नाही, अशी ठाम भूमिका आयोगाने घेतली. नावे मिळविण्याचा प्रयत्न झाला, तरीही सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांनी नाव सांगितले नाही, आणि त्या नोंदी वगळाव्या लागल्या. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १७ कोटी ३२ लाखांहून अधिक मतदारांच्या त्या महायज्ञात या २८ लाख भगिनींना स्थान नव्हते.

सेन यांचा निर्णय कठोर होता, यात शंका नाही. ज्या स्त्रीवर रूढीने मौन लादले, तिलाच त्या मौनाची शिक्षा झाली, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे अवघड आहे. तथापि दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. ‘अमक्याची पत्नी’ ही नोंद मान्य झाली असती, तर १९३५ च्या कायद्यातील पतीच्या उंबरठ्यावरचे मतच स्वतंत्र भारतात चालू राहिले असते. घटनेने मत व्यक्तीला दिले, आणि व्यक्तीला नाव असते, हे तत्त्व त्या कठोर निर्णयाने कायमचे रोवले गेले.

आपल्याकडे स्त्रीचे नाव सांगण्यास असा मज्जाव नव्हता. पण आपली अडचण निराळी आहे. आपल्या स्त्रीचे नाव लपविले जात नाही, ते बदलले जाते. लग्नात ताटामध्ये तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल कित्येक घराण्यांत आहे. पित्याचे नाव जाऊन पतीचे येते, माहेरचे आडनाव जाऊन सासरचे येते, आणि कोठे कोठे मुलीचे स्वतःचे नावही जाते. तिन्ही शब्द बदलल्यावर यादीने तिला ओळखावे तरी कसे? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, माहेरच्या यादीत तेच नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आणि सासरच्या यादीत काहीच नाही, अशी कितीतरी सुनांची स्थिती असते. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हेही येथे सांगून ठेवणे योग्य होईल. ज्या कन्येस आपले मूळ नाव ठेवावयाचे असेल, तिने ते खुशाल ठेवावे. मताधिकारास त्याने बाध येत नाही. लूसी स्टोनबाईंची पाळी आपल्या कन्यांवर येण्याचे कारण नाही.

गावाविषयी कायद्याचे म्हणणे काय, तेही पाहू. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार, ज्या मतदारसंघात माणूस सामान्यतः राहतो तेथे त्याची नोंद व्हावयाची. १८० दिवसांची जुनी अट आता उरलेली नाही. मात्र २० व्या कलमातील एक वाक्य आपल्या कोकणस्थ व घाटावरच्या चाकरमान्यांनी नीट ध्यानात ठेवावे. एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्याच कारणाने माणूस तेथील रहिवासी ठरत नाही. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारे घर हे आपल्या जिव्हाळ्याचे असले, तरी मतदारयादीच्या दृष्टीने बिऱ्हाड जेथे आहे तेच गाव. उलटपक्षी, काही काळ परगावी गेल्याने मूळ ठिकाणचा रहिवास संपत नाही, हेही तेच कलम सांगते. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, आणि नोंदणीसाठी जाणूनबुजून खोटे निवेदन करणारास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

बदल नोंदविण्याची रीत आता पुष्कळ सोपी झाली आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलणे, नावात दुरुस्ती करणे व नवे ओळखपत्र मागणे या सर्वांसाठी नमुना ८ हा एकच अर्ज आहे. प्रथमच नोंद करणारासाठी नमुना ६ आहे. १९८९ साली मतदाराचे वय २१ वरून १८ वर आले. ते पूर्ण झाले की नाही हे पाहण्यास पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. परंतु एक मर्यादा विसरू नये. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी मिटली. त्यानंतर अर्ज करून उपयोग नाही. ओळखपत्रावर स्पेलिंगचा वा पत्त्याचा किरकोळ फरक असेल आणि ओळख पटत असेल, तर तेवढ्यावरून मतदारास परत पाठवू नये, असे आयोगाचे निर्देश आहेत. तथापि यादीत नावच नसेल तर ओळखपत्र हातात असूनही मत देता येत नाही. ओळखपत्र म्हणजे मत नव्हे. यादीतील नोंद म्हणजे मत.

हा इतिहास जुना झाला असे कोणी समजू नये. २०२५ साली त्याच बिहारमध्ये याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. १ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत पूर्वीची सुमारे ६५ लाख नावे नव्हती; मृत्यू, दुबार नोंद, स्थलांतर, पत्त्यावर न आढळणे, अशी कारणे त्यासाठी देण्यात आली. त्या कार्यवाहीवर मोठा वाद झाला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु गाव सोडून पोटासाठी गेलेल्या माणसाने आपली यादी वेळेत पाहिली पाहिजे, हा धडा त्यातून कोणत्याही पक्षाच्या माणसाने घ्यावा.

आपल्या ज्ञातिसंस्थेने या बाबतीत काय करावे? कोणाला मत द्यावे हे सांगणे संस्थेचे काम नव्हे. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु प्रत्येकास मत देता यावे इतके पाहणे हे संस्थेचे काम निश्चित आहे. आपण दरवर्षी वधूवरांच्या याद्या छापतो, गुणवंतांच्या याद्या छापतो. त्याच निष्ठेने प्रत्येक विभागाच्या कार्यकर्त्याने वर्षातून एकदा मतदारयादी घेऊन घरोघर फिरावे. ज्या घरी त्या वर्षी सून आली असेल, त्या घरी आधी जावे. लग्नाचा दाखला काढतानाच नमुना ८ भरला जावा, आणि त्यावर कोणते नाव लिहावयाचे हे त्या मुलीस विचारले जावे. सासूबाईंना नव्हे, सासऱ्यांना नव्हे, तिला विचारावे.

शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव एकदा चढले की गाव बदलले तरी दाखल्यावरून ते पुढच्या शाळेत जाते, कारण दाखला काढून आणणारा बाप जागा असतो. मताच्या बाबतीत तो दाखला काढणारे आपण स्वतःच आहोत. १९५१ साली ज्या २८ लाख भगिनींनी नाव सांगितले नाही, त्यांना बोलू न देणारी रूढी होती. आज आपले तोंड कोणी धरलेले नाही. तेव्हा प्रत्येक बंधूने व भगिनीने आपले नाव आणि आपले गाव स्वतःच्या मुखाने सांगावे आणि ते यादीत लिहिले गेले आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, अशी सर्वांस नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.