तांबूस लागर: चवीतून वाचलेला भट्टीचा इतिहास

अंबर लागर चाखणाऱ्यांच्या नोंदी वाचल्या तर काही वर्णने हटकून सापडतात. पावाच्या कडेसारखा खरपूसपणा, बिस्किटाचा वास, बेताचा कडवटपणा आणि घोट संपताना स्वच्छ, कोरडी जीभ. या पाठात आपण ही चव कुठून आली ते पाहू. त्यासाठी बिअर प्यायलाच हवी असे नाही. पावाचा एक तुकडा तव्यावर बदामी होईपर्यंत भाजून खाल्लात तरी निम्मा पाठ समजेल.

बिअरचा कच्चा माल म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, अर्थात माल्ट. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, त्याच्याच जवळची ही क्रिया. पण वाळवताना उष्णता किती दिली, यावर पुढचा रंग आणि चव ठरते. उष्णतेने धान्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांची अभिक्रिया होते आणि तो खरपूस वास तयार होतो. फिकट पिल्सनर माल्टसाठी शेवटचे तापमान सुमारे 80 ते 85 अंश सेल्सिअस असते, व्हिएन्ना माल्टसाठी 90च्या आसपास. फरक एवढाच, पण जिभेला तो लगेच कळतो.

पूर्वी माल्ट बहुधा लाकडाच्या विस्तवावर वाळवत. धूर धान्यात मुरे, उष्णता हातात राहत नसे आणि बिअर गडद होई. इंग्लंडमध्ये मात्र कोकवर चालणाऱ्या भट्ट्यांमुळे धुराविना, बेताने वाळवलेला फिकट माल्ट मिळत होता. हे तंत्र पाहण्यासाठी 1833 मध्ये दोन तरुण ब्रिटनला गेले: व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा अँटोन ड्रेहर आणि म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याचा गाब्रिएल झेडलमायर. कारखाने पाहताना त्यांनी आतून पोकळ केलेल्या काठीत नमुने चोरून आणले आणि मुक्कामावर त्यांची घनता मोजली. आज याला औद्योगिक हेरगिरी म्हणतात. मला स्वतःला काठीपेक्षा घनतामापक महत्त्वाचा वाटतो, कारण अंदाजावर चालणारा धंदा आकड्यांवर येऊ लागला तो अशा उपकरणांमुळे.

ड्रेहरने 1841 मध्ये श्वेखाटला इंग्रजी पद्धतीने वाळवलेला माल्ट आणि बव्हेरियातील थंडीत आंबवण्याची रीत एकत्र आणली. लागर यीस्ट साधारण 8 ते 12 अंशांवर सावकाश काम करते. नंतर बिअर आठवडेच्या आठवडे थंड तळघरात मुरते. जर्मनमध्ये ‘लागर’ म्हणजे कोठार, ते यावरूनच. गरम आंबवणीत येणारा फळांसारखा वास इथे जवळजवळ नसतो, म्हणून माल्टचा खरपूसपणा उघडा पडतो. कोरडी, स्वच्छ अखेर ही या थंडीची देणगी.

पुढच्याच वर्षी, 1842 मध्ये, पिल्सेनला योझेफ ग्रोलने सोनेरी लागर काढली आणि पुढे जगभर तिचीच सरशी झाली. व्हिएन्नाची तांबूस लागर मायदेशी मागे पडली. मेक्सिकोत मात्र ती टिकली.

एक तपासणी तुम्हाला उपयोगी पडेल. काही अंबर लागरमध्ये रंग व्हिएन्ना माल्टऐवजी कॅरमेल माल्टने आणतात. रंग तोच दिसतो, पण चवीत टॉफीचा गोडवा पुढे येतो आणि भाजलेल्या पावाची ओळख पुसट होते.