फर्नेस ‘नाही’ म्हणते तेव्हा

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसाच लिहिलाय, फक्त खोकला काढून टाकलाय.

न्यू जर्सीतला माझा पहिला हिवाळा. जानेवारी महिना, रात्रीचे दोन वाजलेले, बाहेर उणे बारा डिग्री. दोन स्वेटर आणि त्यावर आईने बॅगेत कोंबलेली सोलापुरी चादर अशा अवतारात मी बेसमेंटमध्ये फर्नेससमोर उकिडवा बसलो होतो.

फर्नेस म्हणजे काय, तर कपाटाएवढा पत्र्याचा डबा. त्यात पाइपातून आलेला गॅस जळतो, आतल्या नळ्या तापतात, एक मोठा पंखा घरातली हवा त्या नळ्यांवरून फिरवतो आणि गरम हवा खोल्याखोल्यांत जाते. धूर मात्र वेगळ्या पाइपाने घराबाहेर. तिकडच्या थंडीत ही फर्नेस म्हणजे घरचा सूर्यच!

माझा सूर्य काय करत होता? आधी एक छोटा पंखा घूंऽ करून सुरू व्हायचा. मग एक पट्टी लालभडक व्हायची. मग भस्सकन निळी ज्योत. मी म्हणायचो, चला, सुटलो! आणि चार सेकंदांत ज्योत गुल. तीन-चारदा हाच खेळ, आणि मग फर्नेस रुसून गप्प.

एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, तिथे एक सेफ्टी स्विच असतो. त्याची दोन टोकं वायरने जोडून टाक. चालू होते की नाही बघ!” वायर माझ्या हातात होती, मंडळी. ती मी जोडली नाही. अक्कल होती म्हणून नाही, भीती वाटली म्हणून. ती भीती किती योग्य होती, हे मला नंतर या डब्याचा इतिहास वाचताना कळलं. तोच आज सांगतो.

शिपाईच सेन्सर

१८८०च्या दशकात अमेरिकेत घरं आणि शाळा कोळशावर गरम व्हायच्या. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा वैताग काय, तर शिकवता शिकवता शिपाई वर्गात यायचा, तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन हवेच्या झडपा उघड-बंद करायचा. म्हणजे सेन्सर कोण? शिपाई! जॉन्सननी वर्गातलं तापमान तळघरातल्या शिपायाला विजेच्या घंटीने कळेल अशी युक्ती काढली आणि १८८३मध्ये तिचं पेटंट घेतलं. थर्मोस्टॅटचा हा एक पूर्वज. पुढे १८८५मध्ये मिनियापोलिसच्या अल्बर्ट बट्झनी शिपायालाही सुट्टी दिली. खोली गार झाली की कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडायची. त्या धंद्यातूनच पुढे हनीवेल कंपनी उभी राहिली.

पण कोळसा स्वभावाने संथ. कोळसा विझला तर काय होईल? घर गार पडेल, बस. गॅसचं तसं नाही. ज्योत विझली आणि गॅस येतच राहिला, तर घराचाच बॉम्ब. म्हणून गॅसची फर्नेस करायची तर एका प्रश्नाला उत्तर हवंच: आत ज्योत खरंच पेटलेली आहे, हे यंत्राला कळणार कसं?

गॅसवर घर गरम करायचं स्वप्न मात्र लोक बघत होतेच. २३ डिसेंबर १९१९ रोजी ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीला गॅसवर चालणाऱ्या फर्नेसचं पेटंट मिळालं, क्रमांक १३२५९०५. तिच्या आराखड्यात अनेक बर्नर होते, प्रत्येकाचं नियंत्रण वेगळं, आणि त्यांची गरम हवा नळ्यांतून वेगवेगळ्या खोल्यांत जाणार होती. गंमत म्हणजे ती राहायची मॉरिसटाउनला. आपली मराठी मंडळी जिथे ढिगाने राहतात, त्या एडिसनपासून गाडीने तासाभराच्या आत!

चुकीच्या समजातून सापडलेलं उत्तर

ज्योतीच्या प्रश्नाचं एक उत्तर मात्र फार आधीच सापडून पडलं होतं. १८२१मध्ये बर्लिनला थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकाला जोडून त्यांचं वेटोळं केलं आणि एक सांधा तापवला. शेजारच्या होकायंत्राची सुई हलली! सीबेकला वाटलं, उष्णतेने चुंबकत्व तयार झालं. खरं तर वीज तयार झाली होती. त्याने शोध लावला, पण तो कशाचा, हे त्याला पटलंच नाही.

या जोडीलाच आपण थर्मोकपल म्हणतो. जुन्या फर्नेसमध्ये एक बारीक ज्योत कायम तेवत असायची, देवघरातल्या समईसारखी. तिचं नाव पायलट. तिच्यात थर्मोकपलचं टोक ठेवलेलं. त्यातून मिळणारी वीज किती? साधारण ३० मिलिव्होल्ट. घड्याळाचा सेल असतो दीड व्होल्टचा, म्हणजे त्याच्या पन्नासाव्या भागाइतकी. पण तेवढ्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. पायलट विझला की टोक गार, वीज बंद, झडप बंद. हल्लीच्या काही शेगड्यांत पेटवल्यावर बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं ना? तो वेळ थर्मोकपल तापण्याचा.

इथे नीट बघा. ‘विझली’ असा निरोप येण्याची वाट यंत्र बघत नाही. ‘पेटलेली आहे’ हा पुरावा सतत मिळत राहिला तरच ते गॅस सोडतं. पुरावा थांबला की गॅस बंद.

१८ मार्च १९३७

पण झडपेपर्यंत पोचायच्या आधीच गॅस गळत असेल तर? नैसर्गिक गॅसला मुळात वास नसतो. टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाच्या गावी तेलाच्या पैशावर बांधलेली झकास शाळा होती. गरम करायला खोल्यांत गॅसचे हीटर. पैसे वाचवायला शाळेने विकतचा गॅस सोडून तेलविहिरींतून निघणाऱ्या टाकाऊ गॅसच्या लाइनला जोडणी घेतली होती. त्या भागात असं सर्रास चालायचं. तो गॅस गळून इमारतीखालच्या पोकळीत साचत राहिला. कोणालाच वास आला नाही. १८ मार्च १९३७च्या दुपारी कार्यशाळेत विजेच्या एका यंत्राची ठिणगी पडली आणि शाळा उडाली. सुमारे ३०० जण गेले. त्यातली बहुतेक मुलं.

त्याच वर्षी टेक्सासमध्ये गॅसला वास देण्याचा कायदा झाला आणि ही पद्धत सगळीकडे पसरली. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला जो उग्र वास येतो तोही असाच, मुद्दाम मिसळलेला. पुढच्या वेळी तो वास आल्यावर नाक मुरडाल, तेव्हा त्या मुलांची आठवण ठेवा.

वायरला न फसणारी ज्योत

१९७३च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवायची ओरड सुरू झाली. चोवीस तास तेवणारा पायलट आता उधळपट्टी वाटू लागला. १९८७च्या कायद्याने फर्नेसच्या कार्यक्षमतेची किमान पातळी ७८ टक्के ठरवली. ती १९९२पासून लागू झाली आणि पायलटचे दिवस भरले. त्याच्या जागी आली तापून लाल होणारी पट्टी, आणि ज्योत ओळखायला एक साधी धातूची सळी.

ही सळी काय करते? ज्योत वीज वाहून नेते, हे शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. सळी बारीक, समोरचा बर्नर मोठा. त्यामुळे उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह ज्योतीतून जाताना जवळपास एकाच दिशेने जातो. तो असतो जेमतेम काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा. वायर जोडलीत तर प्रवाह दोन्ही दिशांनी सारखाच जाईल, आणि सर्किट लगेच ओळखेल की ही ज्योत नाही. एकतर्फी प्रवाहाची ही सही फक्त खऱ्या ज्योतीलाच जमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस वर्षं तिकडे मुरलेले शेजारचे काका आले. एकदा ज्योत पेटून विझताना बघितली आणि म्हणाले, “अरे, ही बिघडलेली नाहीये. हिला ज्योत दिसत नाहीये.”

काकांनी आधी फर्नेसचा विजेचा स्विच बंद करायला लावला, मग गॅसचा कॉक. पुढचं झाकण काढलं. सळी एका स्क्रूवर असते, तिला एकच वायर येते. शेजारच्या दोन वायरींच्या पट्टीला हात लावायचा नाही, ती फार ठिसूळ. सळीवर पांढुरका थर बसला होता, म्हणजे वीज अडवणारं पांघरूणच. कोऱ्या हिरव्या घासणीने हलक्या हाताने घासली, कोरड्या फडक्याने पुसली, परत बसवली. ज्योत पेटली. चार सेकंद, दहा सेकंद, मिनिट... मोठा पंखा सुरू झाला. खर्च शून्य!

मग मी काकांना वायरचा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, “तू जो स्विच जोडणार होतास, तो धूर बाहेर जातोय का हे बघतो. वायर जोडून तुझी फर्नेस चालू झालीच नसती. पण वायर तिथेच राहिली असती. उद्या बर्फाने बाहेरचा पाइप बुजला, की धूर घरात. आणि तू झोपलेला.”

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं जातात ना, ती यानेच.

म्हणून मंडळी, माझं म्हणणं एवढंच. फर्नेस थांबते तेव्हा बहुतेकदा ती पुरावा मागत असते. तो द्या: फिल्टर बदला, बाहेरच्या पाइपावरचा बर्फ काढा, सळी पुसा. खोटा पुरावा देऊ नका. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता आधी बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा. गॅसची झडप आणि आतल्या नळ्या यांना परवानाधारक मेकॅनिकनेच हात लावावा. आणि झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

त्या डब्यातला प्रत्येक ‘नाही’ कोणाच्या तरी डोक्यातून आलाय, आणि काही ‘नाही’ माणसांचे जीव जाऊन आलेत. ती वायर मी अजून जपून ठेवलीय, बेसमेंटमध्ये खिळ्याला टांगून.

भेटू पुढच्या भागात. आणि घरी गॅस गिझर असेल, तर बाथरूमची खिडकी आजच उघडून बघा. उघडते ना?