छंद आकाशाचा : एका वेधशाळेचा धडा



हिंदमाता परिसरातील दिव्यांच्या झगमगाटात तारे हरवून जातात. तरीही आकाश न्याहाळण्याची व त्याची छायाचित्रे टिपण्याची ओढ मुंबईला जुनीच आहे.

येथील एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले कावसजी दादाभाई नायगमवाला पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली वेधशाळेसाठी ५,००० रुपये दिले. सरकारनेही तितकीच भर घातली. १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा सुरू झाली. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला आणि सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली.

परंतु १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. एकाच माणसावर उभी असलेली विद्या त्याच्याबरोबर थांबते, हाच यातील धडा.

हौशी मंडळींनी वेगळी वाट धरली. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईत १९७७ साली वरळीला नेहरू तारांगण उघडले. १९८५ मध्ये खगोल मंडळ सुरू झाले. वांगणीच्या अंधाऱ्या आकाशाखाली त्याने कित्येकांना तारे ओळखायला शिकवले. येथे जुना सभासद नव्याला शिकवतो, म्हणून छंद टिकतो.

या विद्येत आपल्या पूर्वसूरींचाही वाटा आहे. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर सचित्र ग्रंथ लिहिला. रोहिणी नक्षत्रातील ठळक ताऱ्यास जग आजही 'अल्डेबरान' म्हणते; मूळ अरबी 'अद-दबरान', म्हणजे कृत्तिकांच्या मागून येणारा.

मित्रहो, सुरुवातीस साधी द्विनेत्री पुरे. गच्चीवरून चंद्रावरील विवरे व गुरूचे चार चंद्र पाहा, तारीखवार वहीत चित्रे काढा. दुर्बिणीस मोबाइल लावून चंद्राचा फोटोही घेता येतो. मात्र सूर्याकडे दुर्बिणीतून कधीही पाहू नका.

पालकहो, या छंदाला परीक्षेत गुण नाहीत, म्हणून त्याला वेळेचा अपव्यय समजू नका. शाळा सुटते, नोकरी संपते; आकाश मात्र सुटत नाही. मुलांबरोबर एकदा आपणही गच्चीवर जा.