भरमार, सोरा आणि महाल

राजेहो, तुरीत रानडुकरं शिरली की पारावर कोणीतरी म्हणतेच, "आज्याची भरमार असती तर!" त्या भरमारीचाच थोडा इतिहास सांगतो.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. तिला तयार काडतूस नाही. दर बाराला नळीच्या तोंडातून दारू, चिंधी, छर्रे टाकायचे आणि गजानं ठासायचं. म्हणजे दारूगोळा भरणं हे बंदूकवाल्याच्या घरचंच काम होतं. पुढे पितळी काडतुसं आली. अमेरिकेत लोक रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात, शौक म्हणून. त्याची साधनं तिथं दुकानात मिळतात. आपल्याकडे गाडी वेगळ्या वाटेनं गेली.

दारूत सगळ्यात जास्त लागतो तो सोरा. तो निघायचा जुन्या वस्तीच्या मातीतून, जिथं वर्षानुवर्षं गुरांचं मूत अन् राख मुरली. आपली पांढरीची माती हो! जुने लोक तीच गाड्या भरभरून वावरात टाकत. काम दोन्हीकडे नत्राचंच. बिहारचा सोरा कंपनीनं जहाजं भरून विलायतेला नेला, तो काही ज्वारीसाठी नाही.

नागपूरला या दारूची खरी परीक्षा 1817 मध्ये झाली. 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज भिडले. लहान टेकडीवर दारूगोळ्याची गाडी उडाली, गोंधळ झाला आणि भोसल्यांच्या अरब शिपायांनी ती टेकडी घेतली. शेवटी लढाई इंग्रजांनीच जिंकली. डिसेंबरात आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले, पण अरब महाल सोडेनात. धनी गेला तरी चाकर भिंतीआड लढत राहिले. 24 डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावरचा इंग्रजांचा हल्ला फसला. अरब बाहेर पडले ते महिनाअखेर, बोलणी करून. आज त्या दरवाज्याला गांधी गेट म्हणतात. बाजाराला जाताना त्याखालून जातो आपण, पण वर कोण पाहते?

1857 नंतर सरकारला गावातल्या बंदुकीचा धाक बसला. लिटनच्या काळात, 1878 मध्ये, शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झालं. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा झाला. त्यात पीकराखणीसाठी परवाना आहे, आणि तोही आधी ठासणीच्याच बंदुकीचा! ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी. शेतकऱ्याच्या हाती जुनंच हत्यार राहावं, ही सोय कायद्यातच करून ठेवलेली दिसते मला. दारू किंवा काडतुसं बनवायला तर परवाना लागतोच. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्य कार्यालयही आपल्या नागपुरातच आहे.

गडचिरोलीत आजही लोक वाडवडिलांच्या भरमारी पोलिसांकडे जमा करतात. काही ठिकाणी मात्र बंदुकीची जागा गावठी बॉम्बनं घेतली. पिठाच्या गोळ्यात दारू भरून धुऱ्यावर ठेवतात. डुक्कर येवो न येवो, गाय तोंड घालते. जबडा फुटलेलं जनावर चाऱ्यापुढे उभं राहते आणि खाऊ शकत नाही. शिवाय भरणाऱ्याची बोटं जातात ती वेगळीच.

आमच्या धुऱ्यावर सध्या टॉर्च, टिनाचा डबा आणि आळीपाळीची जागल आहे. नुकसान झालं की वनविभागाकडे अर्ज, मग पंचनामा.