इटलीचं घर: न्यूयॉर्कमधलं ‘कासा इतालियाना’

परदेशात आपल्या संस्कृतीचं केंद्र काढायचं, तर पुढाकार कोणाचा? सरकारचा, की तिथे जाऊन राहिलेल्या माणसांचा? न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊ.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेने इटालियन स्थलांतरितांचा कोटा वर्षाला चार हजारांच्याही खाली आणला. इटालियन म्हणजे मजूर, असाच तेव्हा समज. त्याच दशकात कोलंबिया विद्यापीठातल्या इटालियन वंशाच्या विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली, की आमच्या भाषेला, साहित्याला इथे हक्काचं घर हवं. ते बांधून दिलं पातेर्नो आणि काम्पान्या या बांधकाम व्यावसायिकांनी. हेही मूळचे इटलीचेच. १९२७ च्या कोलंबस दिनी ‘कासा इतालियाना’ सुरू झालं. ग्रंथालयही पातेर्नो घराण्याच्या देणगीतून उभं राहिलं.

पण फर्निचर आलं मुसोलिनीच्या सरकारकडून! आता बघा, भेट साधीच वाटते. पण १९३० मध्ये लेखक ज्युझेप्पे प्रेत्सोलिनी संचालक झाले आणि १९३४ मध्ये ‘द नेशन’ साप्ताहिकाने थेट आरोप केला, की इथे फॅसिस्ट प्रचार चालतो. संचालकांनी आणि विद्यापीठाने तो नाकारला. तरी डाग राहिलाच.

१९९१ मध्ये इटली सरकार आणि विद्यापीठ यांच्या कराराने तिथे संशोधन अकादमी आली. वास्तू तीच.

म्हणून अशा केंद्राचा इतिहास वाचताना आपण दोन गोष्टी विचारायला हव्यात: पैसा कोणी दिला, आणि त्याबदल्यात काय मागितलं?