सम्राटाचा खून झाला होता का?

‘असॅसिन्स क्रीड २’ हा संगणकावरचा खेळ २००९ साली आला. त्याच्या कथेत चीनचा पहिला सम्राट छिन शि हुआंग याला वेइ यू नावाचा मारेकरी भाल्याने ठार करतो. इतिहासातील मोठ्या घटनांमागे दोन गुप्त संघटनांचा झगडा असतो, अशी या मालिकेची कल्पना. ती रंजक आहे. पण ‘हे खरं का?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर नुसते ‘नाही’ म्हणून भागणार नाही, असे आम्हाला वाटते.

आपला मुख्य आधार म्हणजे सिमा छियान या इतिहासकाराचा ग्रंथ. त्यानुसार इ.स.पू. २२७ मध्ये चिंग ख हा मारेकरी नकाशाच्या गुंडाळीत खंजीर लपवून दरबारात आला. वार चुकला आणि राजा वाचला. इ.स.पू. २२१ मध्ये त्याने चीन एकछत्री केला आणि इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना तो आजाराने वारला. दरबाऱ्यांनी मृत्यू दडवला. दुर्गंधी झाकण्यासाठी गाड्यांत खारवलेली मासळी भरली आणि बनावट फर्मान काढून धाकट्या मुलाला गादीवर बसवले.

पण सिमा छियानने हे लिहिले सुमारे शंभर वर्षांनी, तेही छिन घराण्यानंतर आलेल्या हान राजवटीत. मग त्याचे तरी खरे कशावरून? त्याने लिहिले होते, की सम्राटाच्या थडग्यात पाऱ्याच्या नद्या आहेत. थडगे अजून उघडलेले नाही. मात्र १९८०च्या दशकात वरच्या मातीची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पाऱ्याचे प्रमाण आसपासच्या मातीपेक्षा जास्त आढळले. एवढ्याने नद्या सिद्ध होत नाहीत, पण विधानाला बळ मिळते.

उलट, थडग्याजवळच्या मातीच्या सैनिकांचा उल्लेख सिमा छियान करत नाही. ते १९७४ साली शिआन शहराजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले. इथे चलाख विद्यार्थी म्हणेल, ‘तशीच गुप्त संघटनाही नोंदीतून सुटली असेल!’

फरक इथेच आहे. सैनिकांची नोंद नव्हती, पण हजारो पुतळे जमिनीत होते. गुप्त संघटनेच्या गोष्टीत मात्र पुरावा नसणे हाच पुरावा मानला जातो. म्हणून कोणतीही गोष्ट ऐकली, की वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: ‘काय सापडले, तर हे चूक ठरेल?’ ज्या गोष्टीला याचे उत्तर देता येत नाही, ती कथा म्हणून वाचावी. इतिहास म्हणून नव्हे.