देणाऱ्याचं ऑपरेशन

मूत्रपिंड रोपणाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा घेणाऱ्याची गोष्ट सांगतो. २३ डिसेंबर १९५४, बोस्टनचं पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालय, डॉ. जोसेफ मरे, एकसारखे जुळे भाऊ. मरेंना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. पण त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर डॉ. हार्टवेल हॅरिसन दुसऱ्या भावाचं, म्हणजे ज्याला काहीही झालेलं नव्हतं अशा माणसाचं, मूत्रपिंड काढत होते. आज आपण त्या टेबलाकडे बघणार आहोत.

पुढची चाळीस वर्षं त्या टेबलावरची पद्धत फारशी बदलली नाही. दात्याला कुशीवर झोपवायचं, बरगड्यांच्या खाली वीतभर छेद घ्यायचा, पुष्कळदा शेवटच्या बरगडीचा तुकडाही काढायचा. मग कित्येक आठवडे काम बंद. घेणारा कधी कधी देणाऱ्याच्या आधी हिंडू-फिरू लागायचा! रोजावर जगणाऱ्या भावाला किंवा लहान मुलं असलेल्या आईला हे परवडणार कसं? इच्छा असूनही माणसं मागे सरायची, आणि त्यांना भित्रं म्हणणं अन्यायाचं होईल.

१९९० मध्ये सेंट लुईसला डॉ. राल्फ क्लेमन यांनी एका ८५ वर्षांच्या बाईंचं गाठ असलेलं मूत्रपिंड दुर्बिणीतून काढलं. एवढा अवयव एवढ्याशा भोकातून बाहेर आला कसा? पोटातच पिशवीत घालून त्याचे बारीक तुकडे केले. तो अवयव टाकूनच द्यायचा होता, म्हणून चाललं. दान केलेलं मूत्रपिंड मात्र अखंड हवं, जिवंत हवं, आणि त्याची रोहिणी, शीर, मूत्रवाहिनी पुरेशा लांबीची हवी. शिवाय रक्तपुरवठा तोडल्यापासून ते बर्फात जाईपर्यंत प्रत्येक मिनिट मोजावं लागतं.

क्लेमन यांच्या त्या चमूत लुई कावूसी होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्सच्या बेव्ह्यू केंद्रात, त्यांनी आणि रोपणतज्ज्ञ लॉइड रॅटनर यांनी जिवंत दात्याचं मूत्रपिंड पहिल्यांदा दुर्बिणीतून काढलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली, भोकांतून अवयव मोकळा केला, आणि शेवटी बेंबीखालच्या छेदातून तो सबंध बाहेर घेतला. दाता दुसऱ्या दिवशी घरी गेला.

टीका झालीच, आणि ती रास्त होती. वायूच्या दाबानं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. सुरुवातीच्या काळात घेणाऱ्यांच्या मूत्रवाहिनीचे त्रास वाढले. तिच्याभोवतीची चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या राखायच्या, हे सर्जन त्यातून शिकले. पद्धत आधी पसरली, कसोट्या मागून आल्या. २००६ मध्ये नेदरलँड्समधली शंभर दात्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. दुर्बिणीला सरासरी २२१ मिनिटं लागली, लहान छेदाच्या उघड्या ऑपरेशनला १६४. रक्तपुरवठा तुटलेला काळ ६ मिनिटं विरुद्ध ३. म्हणजे सर्जनच्या घड्याळात दुर्बीण हरली. पण दात्यांना मॉर्फिन कमी लागलं, ते लवकर घरी गेले, आणि वर्षभरात थकवाही त्यांना कमी जाणवला. कुणाचं घड्याळ धरायचं, हा खरा प्रश्न होता. माझ्या मते उत्तर दात्याच्या बाजूचंच आहे. आपल्याकडे तर देणाऱ्यांत बायकाच जास्त. ऑपरेशननंतर घर कोण सांभाळतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण लहान जखम म्हणजे लहान धोका नव्हे. घेणाऱ्याला रोहिणी लांब मिळावी म्हणून दात्याच्या बाजूला अगदी आखूड टोक उरतं. त्यावर लावलेली प्लास्टिकची कुलूपवजा क्लिप काही दात्यांत निसटली, आणि पोटात रक्तस्राव होऊन निरोगी माणसं दगावली. २००६ मध्ये उत्पादकानंच या ऑपरेशनात रोहिणीवर ती क्लिप वापरू नये असं जाहीर केलं. तरी वापर पुरता थांबला नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा इशारा द्यावा लागला. सुरक्षित उपाय म्हणजे रोहिणीच्या भिंतीतून आरपार जाणारे स्टेपल किंवा टाके. स्टेपलरमुळे घेणाऱ्याच्या वाट्याची काही मिलिमीटर लांबी जाते, तेवढ्यावर रोपण करणाऱ्या सर्जननं भागवायचं असतं.